गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

मराठीत एक जुनी म्हण आहे : गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. आजच्या मुलांना तिचा अर्थ सांगावा लागतो, कारण नळा त्यांनी पाहिलेला नाही. बैलगाडीच्या आसाला घालायचे वंगण ज्यात भरून ठेवीत, ती बांबूची किंवा शिंगाची नळकांडी म्हणजे नळा. तो गाडीच्या खाली टांगलेला असे. गाडी तुळजापूरच्या जत्रेला निघाली की नळाही निघे. त्याने नवस बोललेला नसे, त्याला कोणी आवतण दिलेले नसे. पण देवीच्या पायथ्यापर्यंत तो बिनबोभाट जाऊन येई. म्हणीत त्या बिचाऱ्याची थट्टाच केली आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या गाड्यांचा इतिहास पाहू लागलो म्हणजे मात्र या म्हणीतला नळा निराळाच दिसू लागतो. आपल्या घराघरांतून गाडी घेतली गेली ती धंद्यासाठी, शेतीसाठी, बाजारासाठी. आणि बायकामुले तिच्यातून गेली ती त्या गाडीबरोबर सहज घडणारी यात्रा म्हणून. माल नेणारे आणि माणसे नेणारे वाहन वेगवेगळे असावे ही श्रीमंतांची सोय. सामान्य माणसापुढे प्रश्न नेहमी एकच राहिला : दोन्ही कामे भागतील अशी एक गाडी कोणती? हा प्रश्न आज मोटारीच्या दुकानात उभ्या असलेल्या दुकानदारापुढे जसा आहे, तसाच तो दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या कापूस-कापडाच्या व्यापाऱ्यापुढेही असला पाहिजे.

तेरचे नाव सहज घेतले नाही. तेरणा नदीकाठचे हे गाव आज लहान वाटते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे जे दर्यावर्दी टिपण लिहिले, त्यात ‘तगर’ या फार मोठ्या नगराचा उल्लेख आहे. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली मांडले आणि पुढे गावात सापडलेल्या वस्तूंनी त्याला बळकटी आली. त्या वस्तूंपैकी पुष्कळशा रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने गोळा केल्या, आणि त्यांच्याच नावाच्या तेरच्या संग्रहालयात त्या आज पाहावयास मिळतात.

तो ग्रीक व्यापारी सांगतो की, भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर. तगरहून जाडेभरडे कापड, तलम मलमल असा माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला जाई. नकाशावर सरळ रेघ मारून पाहा. पैठण ते तेर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते, आणि पैठण ते भडोच साडेतीनशेच्या आसपास. दहा दिवसांना दीडशे आणि वीस दिवसांना साडेतीनशे म्हणजे दिवसाला पंधरा-सतरा किलोमीटर. वाटेची वळणे धरली तर वीसेक. भरल्या बैलगाडीची चाल नेमकी एवढीच! आपल्या आजोबा-पणजोबांची गाडीही दिवसाकाठी बारा-तेरा मैलच कापीत असे. ग्रीक माणसाने ऐकीव हिशेब लिहिला, पण तो बैलाच्या पावलाशी जुळतो. दोन हजार वर्षांत राजवटी किती बदलल्या. बैलाचे पाऊल बदलले नाही.

या मुलखात गाडी सगळीकडे चालत होती असे मात्र नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा जिल्ह्यातून आडव्या गेलेल्या. काळी जमीन पावसाळ्यात चाकाला तुंब्यापर्यंत गिळणारी. जेथे चाक अडे तेथे लमाणांचा तांडा चाले. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे लोक दख्खनभर फिरत. मोगलांच्या फौजांनाही त्यांनीच धान्य पुरविले. लमाणांच्या बाबतीत धंदा आणि संसार असा भेदच नव्हता. बैलाच्या एका बाजूला मिठाची गोणी, दुसऱ्या बाजूला संसाराची भांडी. तांडा हेच दुकान आणि तांडा हेच घर. पुढे आगगाडी आली आणि हा धंदा मोडला. तांडे जागच्या जागी बसले, आणि जिल्ह्यात आज जी तांड्यांची गावे आहेत ती अशीच वसली.

आता आपल्या बैलगाडीकडे वळू. गाडी घ्यायची म्हणजे पूर्वी ती दुकानातून आणायची नसे, सुताराकडून घडवून घ्यायची असे. चाकासाठी बाभळीचे लाकूड लागे. ते चांगले मुरलेले हवे. मधला तुंबा, त्यात बसविलेले आरे, आरांवर जोडलेले पाटे, आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढविण्याचा दिवस म्हणजे लोहाराच्या भट्टीभोवती सगळ्या गावचा तमाशा. गोवऱ्यांच्या वर्तुळात ती लोखंडी कडी लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची, आणि लाकूड पेट घेते न घेते तोच वरून घागरी ओतायच्या. लोखंड आकसते, चाक करकरते आणि सगळे सांधे असे घट्ट बसतात की वर्षानुवर्षे खिळा मारावा लागत नाही. सुताराला आणि लोहाराला याचे मोल सुगीला बलुत्याच्या रूपाने मिळे.

पण गाडी घेणे म्हणजे खरे तर बैल घेणे. येथेच निवडीचा खरा पेच होता. ओझ्याची गाडी घ्यावी तर तिला दांडगी, संथ जोडी हवी. माणसे नेणारी हलकी, टपाची दमणी घ्यावी तर तिला चपळ जोडी हवी. खिलार बैल चालीला तेज, देवणी बैल कामाला दणकट. पण ज्या घरी एकच जोडी, तिनेच नांगर ओढायचा, तिनेच कडबा आणायचा आणि तिनेच लेकीला सासरी पोचवायचे. तेव्हा दमणी राहिली पाटलांच्या, देशमुखांच्या आणि सावकाराच्या वाड्यात. गावात लग्न निघाले की ती मागून आणायची. बाकी सगळ्यांनी उत्तर शोधले ते असे : गाडी घ्यायची ओझ्याची, आणि माणसांची वेळ आली की तिचे रूप पालटायचे. तळाला कडबा किंवा गवत पसरायचे, त्यावर वाकळ अंथरायची, बाजूंना तट्टे बांधायचे, वर कांबींचा टप घालून त्यावर घोंगडे टाकायचे. काल ज्या गाडीतून शेणखत गेले, त्याच गाडीतून आज बाळंतीण माहेराहून परत येई. गाडीला हरकत नसे आणि बाळंतिणीलाही नसे.

या दुहेरी गाडीचा सर्वांत सुंदर दिवस म्हणजे येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. धाराशिव आणि लातूरकडच्या वाचकांना तिचे वर्णन सांगावयास नको. आंबिलाचे बिंदगे, भज्जी, उंडे, खीर असे सगळे गाडीत मांडून, पाहुणे-रावळे, शेजारी-पाजारी, लेकरे-बाळे यांना वर चढवून गाडी शेताकडे निघे. त्या दिवशी शेतकऱ्याची गाडी धान्य आणावयास जात नसे; माणसांना धान्याच्या भेटीला नेत असे. चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा आणि आश्विनात तुळजापूर. या तीन वाटांवर त्या गाडीने आपले धंद्याचे पाप धुऊन काढले म्हणावयास हरकत नाही.

गाडी सगळ्यांची होती असे म्हणून हा गोड भाग संपविता आला असता, पण इतिहास तसे म्हणू देत नाही. १९०१ साली सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनावर उतरलेल्या काही लहान मुलांना, ती महार आहेत असे कळताच, एकही गाडीवान आपल्या गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला तो या अटीवर की, मुलांनीच गाडी हाकायची आणि तो पायी चालणार. त्या मुलांतला एक म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. आंबेडकर आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांची बैलगाडीतून मिरवणूक काढली, ही आठवण तेथे अभिमानाने सांगतात. एका गाडीवानाने नाकारलेली जागा मिळावयास चाळीस वर्षे लागली. वाहन निवडण्याचा प्रश्न हा वाहनात कोणाला बसू द्यायचे याचाही प्रश्न असतो, हे विसरता कामा नये.

आता बाजाराची वाट. १८५३ च्या तहाने निजामाने नळदुर्गचा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या हवाली केला, आणि त्याचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. तो राहिला तुळजापुरास. पुढे त्याने लिहिलेली ‘तारा’ ही कादंबरी याच गावाभोवती गुंफलेली आहे. टेलरने रस्त्यांच्या कामात मन घातले. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला आणि त्याच वर्षी मुंबईची आगगाडी सोलापुरास पोचली. आता धाराशिवच्या कापसाला, करडईला, जवसाला मुंबईची वाट मोकळी झाली. पण स्टेशनापर्यंत न्यायचे बैलगाडीनेच. धाराशिव ते सोलापूर चाळीसेक मैल. तुळजापूरचा घाट उतरून गाडीला तीन दिवस लागत.

वाटेत सरहद्द होती. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांचा. नाक्यावर करोडगिरीवाले जकात घ्यावयास बसलेले. अलीकडे चालायचा हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. स्वातंत्र्यानंतर हे दोन रुपये बदलताना सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव होता. सोलापुरास किंवा बार्शीस माल विकून परतणाऱ्या गाडीवानाला नाण्यांचा हिशेब पाठ करावा लागे. त्याच परतीच्या रिकाम्या गाडीतून लग्नाचा बस्ता येई, सोलापुरी चादर येई, बायकोने सांगितलेल्या बांगड्या येत. धंद्याची गाडी जाताना असे, येताना ती घराची होई.

१८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही करामत. रूळ अरुंद, पण डबे मात्र चांगले प्रशस्त, असे त्याने जमविले होते. पुढे हीच ‘बार्शी लाइट’ येडशीचा घाट चढून तेर, ढोकी असे करीत १९११ मध्ये लातुरास पोचली. मौज अशी की, जिल्ह्याचे गाव असलेले धाराशिव मात्र तिने बाजूलाच ठेवले. धाराशिवकरांना आगगाडी गाठायची तर आधी दुसरी गाडी गाठावी लागे! ही उणीव भरून निघावयास रुंद रुळांची वाट पाहावी लागली. २००८ पर्यंत ते काम पुरे झाले आणि नव्या मार्गाने धाराशिव शहराला आपले स्टेशन मिळाले. कंपनीची गाडी त्याआधीच, १९५४ साली, सरकारी झाली होती.

आगगाडीने बैलगाडी मारली असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. तिने बैलगाडीची वाट आखूड केली. तीन दिवसांऐवजी एका रात्रीत स्टेशन गाठून परत येता येऊ लागले, म्हणून गाड्या उलट वाढल्या. घरच्या निवडीवर खरा घाला घातला तो मोटारबशीने. १९३२ च्या जून महिन्यात निजाम सरकारने आपल्या रेल्वेखात्यामार्फत २७ बसगाड्या सुरू केल्या. मुंबई राज्याची एस. टी. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्याच्या बसही त्याच एस. टी.त आल्या. आता लेक माहेरी जायची ती बसने. टपावर फणी-करंड्याची पेटी, हातात शिदोरी. हजारो वर्षे एका गाडीत नांदलेले माल आणि माणूस यांची अशी प्रथमच फारकत झाली. माल बैलगाडीत, माणूस बशीत.

ही फारकत पुढे कायद्यानेही पक्की केली. मोटारवाहन कायदा १९३९ चा घ्या की १९८८ चा, त्याच्या दृष्टीने माल वाहणारी गाडी वेगळी आणि घरची गाडी वेगळी. घरच्या गाडीची पाटी पांढरी, भाड्याच्या धंद्याच्या गाडीची पिवळी. दोघींचा कर वेगळा, परवाना वेगळा, विमा वेगळा. मालाच्या गाडीत वऱ्हाड बसविले की गुन्हा. कायद्याचे म्हणणे चूक नाही. वऱ्हाडाचा ट्रॅक्टर उलटल्याच्या बातम्या आपण दर लग्नसराईत वाचतो, आणि उघड्या ट्रॉलीला पकडावयास दांडी नसते हे त्या बातम्यांचे कारण असते. परंतु कायदा ज्याला दोन गाड्या म्हणतो त्या घेण्याची ऐपत ज्याच्याजवळ एकीचीच आहे, त्याने काय करावे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.

ते उत्तर कारखानदारांनी शोधावयास घेतले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, आणि १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. ती श्रीमंतांची. महिंद्रांची जीप आली. ती शेताच्या बांधावरही जाई आणि देवळाच्या दारातही. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी गाड्या निघू लागल्या, आणि ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत असा रुळला की कोणत्याही लहान मालगाडीला आपण तोच म्हणतो. नंतर मॅटॅडोर आली. मग ट्रॅक्स, आणि मराठवाड्याच्या रस्त्यारस्त्यावरची काळी-पिवळी जीप. १९८३ च्या अखेरीस मारुती आली, पाठोपाठ तिची चौकोनी डब्यासारखी व्हॅन. मागची बाके काढली की किराण्याची पोती, बाके बसविली की कुटुंब. तट्टे आणि टप यांचाच हा नवा अवतार. २००५ साली टाटांनी एक चिमुकली मालगाडी काढली. लोकांनी तिचे बारसे ‘छोटा हत्ती’ असे करून टाकले.

या जिल्ह्यातला दुकानदार किंवा भाजीवाला आज गाडी निवडताना जे प्रश्न विचारतो ते ऐकावेत : ओझे किती घेईल? घाटात दमेल काय? मागे पोरे बसतील काय? पाऊस आत येईल काय? तेल किती पिते? मोडली तर आपल्या गावात दुरुस्त होईल काय? यातला एकही प्रश्न नवा नाही. बैलाच्या बाबतीत हेच विचारीत. फक्त तेलाच्या जागी वैरण आणि दुरुस्तीच्या जागी सुतार-लोहार होते. आणि त्यांच्या तळाशी एक न विचारलेला प्रश्नही तोच आहे : बाजाराला जी गाडी शोभेल ती सोयरिकीला शोभेल काय? कित्येकदा व्यवहार पक्का होतो तो याच प्रश्नावर, आणि तो सोडविते घरची बाई.

पण, वाचकहो, धंदा आणि संसार एकाच गाडीत नेणारे जे खरे लोक या जिल्ह्यात आहेत, त्यांना निवड करावयास कोणी विचारलेले नाही. दिवाळी झाली न झाली की भूम, वाशी, कळंब या कोरडवाहू तालुक्यांतून, शेजारच्या बीडमधून, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून हिशेबात नाव ‘कोयता’. स्वतःची बैलजोडी असलेला मनुष्य टायरच्या गाडीवर राबतो. लोखंडी धावेवर जी जोडी अर्धा-पाऊण टन ओढी, तीच रबरी टायरवर टन-दीड टन ओढू लागली; हा नव्या चाकाचा गुण बैलाच्या किती भल्याचा झाला, ते बैलच जाणे. निघताना ट्रकवर किंवा गाडीवर सगळे चढते : ज्वारीची पोती, तवा, पाण्याचे पिंप, शेळी, पाळण्यातले पोर. पोचल्यावर पाचटाची कोपी उभी राहते, आणि पहाटेच्या अंधारात बाई मोळ्या बांधून गाडीत भरू लागते. पोर त्याच गाडीखाली, सावलीला.

म्हणीने ज्याची थट्टा केली तो नळा येथे नीट पाहावा. ती बाई आणि ते पोर हिशेबाच्या वहीत गाड्याबरोबर आलेली वाटतात. पण तिने मोळी उचलली नाही तर गाडी भरत नाही, आणि गाडी भरली नाही तर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडत नाही. वंगणावाचून आस दोन कोस तरी चालतो काय? कोरडा आस आधी कुरकुरतो, मग तापतो आणि शेवटी तुंब्यालाच जाळतो, हे प्रत्येक गाडीवानाला ठाऊक होते. म्हणून तर जत्रेच्या घाईतही तो नळा विसरत नसे.

तेरच्या व्यापाऱ्यापासून छोट्या हत्तीवाल्यापर्यंत गाड्या बदलत आल्या. जिल्ह्याचे नावही बदलत गेले. नळदुर्गचे उस्मानाबाद झाले, १९८२ साली लातूर वेगळे निघाले, आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. या दिवाळीत कोणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली असेल तर तिला हार घालताना, कुंकू लावताना, पाडव्याच्या मुहूर्तावर तिची पूजा करताना एवढे ध्यानात असू द्यावे की, ओझे किती याचा हिशेब कारखान्याने छापलेलाच असतो. आत कोण बसणार आणि किती सुखाने बसणार, याचा हिशेब मात्र घरालाच करावा लागतो. आणि वाटेत उसाची गाडी लागली तर दिव्याचा झोत खाली करून तिला आधी जाऊ द्यावे. त्या गाडीत एक घर चाललेले असते.